लाकूड सरावेपर्यंत

त्याला सगळे सबूर म्हणायचे. कागदोपत्री दुसरं नाव असणारच, पण तीस वर्षांत ते कुणी वापरलं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. धंदा लाकडी जमिनी बसवायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, फळ्या टाकायच्या नि खिळे ठोकायचे. असं कुणी त्याच्यासमोर म्हटलं तर तो वाद घालत नसे, चष्म्यावरून नुसता बघे. आणि गिऱ्हाईक घाईला आलं की त्याचा आपला एकच शब्द: सबूर. लाकूड आलं की लगेच बसवायचं नसतं. ज्या खोलीत त्याला जन्म काढायचाय, त्या खोलीत आधी तीन आठवडे त्याला नुसतं पडू द्यायचं. तिथली हवा त्याने अंगात घ्यायची, स्वतःची जादा ओल सोडायची, काय आकसायचं-फुगायचं ते उरकून घ्यायचं. याला तो सरावणं म्हणे. लाकूड खोलीला सरावलं की मग हातोडी.

गिऱ्हाइकं वैतागायची. एका बंगलेवाल्याने तर वैतागून दुसऱ्याच माणसाकडून चार दिवसांत जमीन करून घेतली. दमट हवेचे दिवस आले तशी ती खोलीच्या मधोमध अशी उचलली की दार उघडेना, आणि बंगलेवाला खिडकीतून आत-बाहेर करायला लागला. शेवटी तो नाक मुठीत धरून सबूरकडे आला. सबूरने ‘मी सांगितलं होतं’ एवढंही म्हटलं नाही. हा त्याचा मोठेपणा म्हणायचा की बोलण्याचा कंटाळा, देव जाणे. मुकाट्याने सगळ्या फळ्या उपटल्या आणि नव्या आणून तीन आठवडे तशाच रचून ठेवल्या.

हा धडा त्याला कुणी फुकट दिलेला नव्हता. विशी-बाविशीत एका शाळेच्या खेळायच्या हॉलची जमीन त्याने मुख्याध्यापकांच्या घाईपायी आठवड्यात बसवली होती. वर्षाच्या आत ती लाटांसारखी झाली. चेंडू टाकला की भलतीकडेच उडे, आणि पोरं तशाच वाकड्या उड्या मारून हसत. सगळी सुट्टी गुडघ्यांवर रांगत त्याने ती एकट्याने उखडली. गुडघे गेले ते तेव्हापासून. त्यानंतर मात्र कुणी कितीही नाक घासलं तरी त्याने घाई केली नाही, म्हणजे नाहीच.

बायको त्याच्या अगदी उलट. शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायच्या मशीनवर बावीस वर्षं बसली, आणि तेवढी वर्षं तिचं तोंडही मशीनसारखं चालू होतं. नवऱ्याची थट्टा करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाला हो म्हणायलाही यांनी तीन आठवडे लावले, म्हणायची, तोवर मी सरावून घेतलं म्हणून टिकले. सबूर मान खाली घालून हसे. त्याला उत्तर सुचायचं, पण दुसऱ्या दिवशी.

तिचं एकच रडगाणं होतं, पायांचं. कारखान्यात सिमेंटची जमीन, घरी सिमेंटची जमीन. पाय बारा महिने गार. मोजे घाला, तळव्यांना तेल चोळा, काही उपयोग नाही. अहो, साऱ्या गावाच्या घरात लाकूड घालता, आपल्या घरात कधी, असं ती दर वर्षी एकदा तरी विचारायची. तो म्हणायचा, बघू. आता या ‘बघू’ला काय म्हणावं? नाही म्हणायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. आधी मुलगी लहान होती, मग मुलगी शिकत होती, मग कामं अंगावर आली. शिवाय घरची जमीन करायची तर अशी करायची की बघत राहावं, आणि तशी करायला निवांतपणा हवा, तो काही मिळेना. सव्वीस वर्षं ‘बघू’त गेली.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं निघालं, ते आतल्या आत पसरलेलं निघालं. इस्पितळात पाच आठवडे काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी सबूरला आणि मुलीला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की आता घरी न्या, त्यांना हवं-नको ते करा, महिना आहे, फार तर दीड. मुलगी पोस्टात कामाला होती. तिने महिना ऐकला आणि त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकून माहेरी राहायला आली. सबूरने दीड ऐकला.

तिची खाट पुढच्या खोलीत आणली, कारण तिथे मोठी खिडकी होती आणि समोर रस्ता दिसायचा. पहिल्या संध्याकाळी तिला उशांना टेकवून बसवल्यावर सबूरने विचारलं, काही हवंय का. तिने खिडकीकडे बघितलं.

“आता कसली हौस नाही राहिली,” ती म्हणाली. “फक्त या खाटेवरून त्या खिडकीपर्यंत लाकडावरून चालत जायचंय मला. अनवाणी. एकदाच.”

सबूर त्या वेळी ‘बघू’ म्हणाला नाही. उठला, टेप काढली, खोली मोजली. खाट ते खिडकी साडेसात फूट भरलं.

मुलगी व्यवहारी. तिने बाबांना स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं की हल्ली त्या एका दिवसात बसणाऱ्या चकचकीत पट्ट्या मिळतात, त्याच आणू, उद्या आई चालेल. सबूरला असं वाटलं की जणू कुणी तोंडावर थुंकलं. ते लाकूड नव्हे, लाकडाचा फोटो असतो तो, असं तो म्हणाला. आणि एवढं मोठ्याने म्हणाला की पुढच्या खोलीत बायकोला ऐकू गेलं. ती तिकडून हसली. राहू दे गं, म्हणाली, फोटोवर चालून कुणाचे पाय गरम होतात? मुलीचा नाइलाज झाला.

चौथ्या दिवशी फळ्या आल्या. ओकच्या, भरीव, मधाच्या रंगाच्या, आणि घरात शिरल्याबरोबर त्यांचा वास सगळीकडे. सबूरने खिडकीशेजारच्या भिंतीलगत त्या रचल्या, दोन थरांमध्ये बारीक काठ्या घालून, म्हणजे चहूबाजूंनी हवा फिरेल. मग खिशातून ओल मोजायचं यंत्र काढलं. साबणाच्या वडीएवढंच असतं ते, पुढे दोन सुया. सुया फळीत टोचल्या की आकडा येतो. आला चौदा. त्या खोलीत हवा होता दहा. चौदावर ठोकलेली फळी पुढे वाळते, आकसते, फटी पडतात. तीन आठवडे, तो म्हणाला. तीन आठवड्यांत दहावर येतील. मग बसवायला चार दिवस, वर मेणाचा हात, की झालं. दीड महिन्यात बसत होतं सगळं. त्याने मनात दोनदा हिशेब घातला होता.

रोज सकाळी उठलं की तो पहिलं काम हे करी. यंत्र घेऊन फळीत टोचायचं, आकडा बघायचा, पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा. बायको खाटेवरून बघत असे. आधी माझा ताप बघा, म्हणायची, मग तुमच्या लाडक्या फळीचा. तो तिचा ताप बघायचा. तो आकडा मात्र तो कुठेच लिहीत नसे.

फळ्या आल्यापासून नवव्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. तिने त्याला खाटेजवळ बसवलं आणि म्हणाली, मला हे सगळं नीट समजावून सांगा. सव्वीस वर्षं भात वाढतेय तुम्हाला, पण तुम्ही दिवसभर नक्की करता काय ते मला ठाऊक नाही. सबूर आधी गांगरला. मग दोन फळ्या घेऊन आला आणि तिच्या पांघरुणावर ठेवल्या. ही बघ, म्हणाला, फळीच्या या कडेला सबंध लांबीभर ही पट्टी पुढे आलेली आहे ना, तिला जीभ म्हणतात. आणि या दुसऱ्या फळीच्या कडेला खाच. हिची जीभ तिच्या खाचेत गेली की दोघी एक होतात, कुणी एकटी वर-खाली होऊ शकत नाही. तिने स्वतःच्या हाताने एक जीभ एका खाचेत सरकवली. हातात फारसा जोर राहिलेला नव्हता, पण ती अलगद गेली. तिला मोठी गंमत वाटली. म्हणाली, तुमची सगळी जीभ यांनाच देऊन टाकलीत, म्हणून घरी बोलायला उरत नाही.

मग त्याला चेवच आला. खिळा कुठे मारायचा ते त्याने सांगितलं: वरून नाही, जिभेतून, तिरका, म्हणजे पुढची फळी बसली की तो झाकला जातो आणि जन्मभर कुणाला दिसत नाही. सिमेंटची ओल वर चढू नये म्हणून खाली आधी प्लास्टिकचा कागद घालायचा, त्यावर प्लायवूड, आणि मग फळ्या. भिंतीशी करंगळीएवढी जागा मोकळी सोडायची आणि वरून पट्टीने झाकायची. ती कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की लाकूड कापलं तरी मरत नाही, दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, त्याला हातपाय पसरायला जागा ठेवली नाही तर ते मधेच उठून उभं राहतं. तास-दीड तास तो बोलत होता. मुलगी दारात चहाचे कप घेऊन उभी राहिली आणि आत आलीच नाही, कारण बाबांना सलग एवढं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. लग्नापासून बायकोशीही तो एका बैठकीत एवढा बोलला नव्हता.

सगळं झाल्यावर बायकोने विचारलं, आता किती आकडा आहे. तेरा, तो म्हणाला. म्हणजे अजून बारा दिवस तरी. तिने त्या दोन फळ्या एकमेकींतून ओढून वेगळ्या केल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

त्यानंतर ती भराभर खालावत गेली. जेवण दोन घासांवर आलं, मग पेजेवर. सबूरचा जीव तिळतिळ तुटत होता, पण तोंडातून शब्द निघेल तर तो सबूर कसला. तो रोज यंत्र टोचत राहिला. साडेबारा. बारा. एकदा मुलगी त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, बारावर नाही का चालत? तो म्हणाला, फटी पडतात. किती दिवसांनी पडतात? हिवाळ्यात, तो म्हणाला. हिवाळा सात महिने लांब होता.

चौदाव्या दिवशी सबूर एका दुकानाच्या कामाला गेला होता. एक अर्धवट राहिलेली जमीन पुरी करून द्यायची होती. दुपारी त्याला यंत्र लागलं आणि ते घरी राहिलं होतं, म्हणून तो परत आला. दार ढकललं आणि तिथेच थांबला.

भिंतीलगतच्या रचलेल्या फळ्या निम्म्या झाल्या होत्या. खाटेपासून खिडकीपर्यंत जमिनीवर फळ्या अंथरलेल्या होत्या. खिळा नाही, कागद नाही, नुसती जीभ खाचेत घालून मुलीने एकटीने सहा ओळी जोडल्या होत्या. ओळी काही सरळ नव्हत्या, दोन ठिकाणी फळी उलटीही पडली होती. पण रुंदी माणूस चालेल एवढी झाली होती. बायको खाटेच्या काठावर बसली होती, पाय त्या लाकडावर. ती दमलेली दिसत होती आणि गालांवर रंग होता. मुलगी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली होती.

आता इथे दुसरा कुणीही असता तर दारातच रडला असता. सबूरला दिसलं काय, तर कोरं सिमेंट, आणि त्यावर थेट ओक. सिमेंट खालून ओल सोडणार, वरून हवा कोरडी, दोन दिवसांत एकेक फळी पन्हळीसारखी वाकणार. तिच्यासाठी आणलेलं लाकूड. तिच्या जमिनीचं लाकूड. तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या डोळ्यांनी तेवढंच बघितलं. तो आत आला, गुडघ्यांवर बसला आणि खिडकीकडून एकेक फळी सोडवायला लागला. पुसून, काठ्या घालून, पुन्हा रचायला लागला. असं करतात का, तो पुटपुटत होता, वाकतील ना सगळ्या, अजून आठवडाभरच, मग कशी झकास बसवतो बघ. मुलगी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तिने तोंड उघडलं, पण आईकडे बघून मिटलं. सबूर सरकत सरकत खाटेपर्यंत आला. शेवटच्या फळीवर तिचे पाय होते.

“पाय उचल जरा,” तो म्हणाला.

तिने उचलले. उचलायलाही तिला दोन्ही हातांनी गुडघे धरावे लागले. त्याने ती फळी काढून घेतली, तिने पाय सिमेंटवर ठेवले, आणि मग मुलीने ते उचलून पांघरुणात घातले. संध्याकाळी बायको त्याच्याशी नेहमीसारखी बोलली. थट्टाही केली एक, कसली ती आता त्याला आठवत नाही.

अठराव्या दिवशी सकाळी, मुलगी तिचे केस विंचरत असताना, ती गेली. मुलीचा हात त्यानंतरही थोडा वेळ केसांतून फिरत होता, कारण तिला कळलंच नव्हतं. सबूर खोलीतच होता. त्याने नुकताच आकडा घेतला होता आणि तो भिंतीवर लिहीत होता.

पुढचे दिवस माणसांच्या ये-जा करण्यात गेले. कारखान्यातल्या बायका आल्या आणि खुर्च्या पुरेनात म्हणून त्या फळ्यांच्या थरावर बसल्या. कुणी म्हणालं, केवढं सुंदर लाकूड. सबूर हो म्हणाला. आठवड्याने गर्दी ओसरली, घरात दोघंच उरली. खाट परत आत गेली होती. त्या सकाळी सबूर उठला, पुढच्या खोलीत गेला, आणि काही विचार न करता त्याने यंत्र टोचलं. मुलगी केर काढत होती.

“दहा,” तो म्हणाला.

मुलीने झाडू टाकला. इतके दिवस तिने सगळं धरून ठेवलं होतं, ते त्या एका आकड्यापुढे टिकलं नाही. तिने सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. त्या दुपारी फळ्या अंथरायला आईनेच सांगितलं होतं. खाटेपासून खिडकीपर्यंत ती तीन वेळा गेली आणि तीन वेळा आली, दर वेळी म्हणाली, अगं, गरम आहे, खरंच गरम आहे. उद्या परत चालेन म्हणाली होती, आणि परवाही. बाबा फळ्या उचलायला लागले तेव्हा मुलगी ओरडणार होती, पण आईने डोळ्यांनीच नको म्हटलं. रात्रभर का म्हणून विचारत राहिली तेव्हा आई म्हणाली, त्यांना वाटतंय की मी तोवर असेन. वाटू दे. मी अडवलं असतं तर त्यांना कळलं असतं.

सबूर फळ्यांच्या थरावर बसला. यंत्र अजून हातातच होतं.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

मुलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“ती राहायची नाही हे मला माहीत होतं गं. पहिल्या दिवसापासून. पण घाईने बसवली असती, तर मी ते कबूल केलं असं झालं असतं. मला वाटायचं, जमीन व्हायची आहे तोवर ती कशी जाईल.”

मुलगी रडत होती आणि चिडलीही होती, दोन्ही एकदम. “चार दिवस होते तिच्याकडे, बाबा. चार दिवस चालली असती ती. तुम्ही तेवढं का नाही चालू दिलंत तिला?”

आयुष्यभर सबूर घाईवाल्यांना जे ऐकवत आला, त्यातलं एकही वाक्य त्याच्या मदतीला आलं नाही. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज मुलीला ओळखू आला नाही.

“वाकल्या असत्या तर दुसऱ्या आणल्या असत्या,” तो म्हणाला. “फळ्या काय, दुसऱ्या आणल्या असत्या.”

आणि मग तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता. मुलीने त्याला असं कधी बघितलं नव्हतं. तिचा राग गेला नव्हता, तरी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.